वन नाइट इन मायामी: सॅम कुकला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय

तिसरी_घंटा

प्राइमवर हा पिक्चर २०२१ च्या जानेवारीत आला होता, तेव्हा बघितला तर एक गोष्ट खटकली होती, आता परत बघितला आणि त्याच गोष्टीचा चक्क राग आला म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ फेब्रुवारी १९६४. बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, मायामी बीचवर सनी लिस्टनला हरवतो, लिस्टन सातव्या राउंडला स्टूलवरून उठतच नाही. पोरगा जगज्जेता. आणि त्या रात्री तो जातो हॅम्प्टन हाउस नावाच्या मोटेलवर, तिथे खोलीत कोण तर काळ्यांच्या लढ्यातला जहाल नेता माल्कम एक्स, गायक सॅम कुक आणि जिम ब्राउन, अमेरिकन फुटबॉलमधला तेव्हाचा सगळ्यात मोठा खेळाडू. भेट खरी झालेली आहे. आत काय बोलणं झालं त्याची नोंद नाही, ते केम्प पॉवर्सने मनाने लिहिलं, आधी नाटक (२०१३, लॉस एंजेलिस), मग त्यानेच पटकथा केली. दिग्दर्शन रेजिना किंगचं, तिचा पहिलाच पिक्चर.

संवाद कल्पनेतले आहेत याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, नाटककाराने अजून काय करायचं असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. मध्यावर माल्कम कुकला धरतो, बॉब डिलनचं 'ब्लोइंग इन द विंड' रेकॉर्डवर लावतो आणि म्हणतो की मिनेसोटाचा एक गोरा पोरगा आपल्या लढ्याबद्दल गातोय आणि तू गोऱ्यांना प्रेमगीतं ऐकवत फिरतोस. आणि मग शेवटाकडे कुक टीव्हीवर 'अ चेंज इज गॉना कम' गाताना दाखवलाय. म्हणजे बघणाऱ्याने काय समजायचं? माल्कमने कान पिळले म्हणून पठ्ठ्या सुधारला!

आता खरं काय झालं ते. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका हॉटेलने कुकला आणि त्याच्या माणसांना खोली नाकारली, त्याने तिथे आवाज चढवला, पोलिसांनी पकडलं. डिलनचं गाणं त्याने स्वतःच ऐकलेलं होतं आणि ते आपल्याला सुचायला हवं होतं ही टोचणीही त्याची स्वतःचीच. त्यातून गाणं आलं, जानेवारी १९६४ च्या शेवटी रेकॉर्ड झालं आणि ७ फेब्रुवारीला टीव्हीवर जॉनी कार्सनच्या गप्पांच्या शोमध्ये तो ते गायला. मायामीच्या त्या रात्रीच्या अठरा दिवस आधी!! म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी त्याला अख्खा पिक्चर झापलंय तो गुन्हा त्याने केलेलाच नाही.

गल्लीतला_क्रिटिक

घंटाराव, तारखा घेऊन नाटकाला बसायचं असेल तर विकिपीडिया वाचलेलं काय वाईट.

सिरियसली सांगतो. हे नाटक 'अमुक गाणं कसं जन्मलं' याबद्दल नाहीये. चार माणसं, चौघंही कीर्तीच्या टोकावर, आणि प्रश्न एकच, की बाहेर आपली माणसं मार खात असताना आपल्यासारख्यांनी आपलं नाव कशासाठी वापरायचं. त्या रात्री सिव्हिल राइट्स ॲक्ट, म्हणजे वंशभेदाला बंदी घालणारा कायदा, झालेला नाही, तो जुलैत सही होणार आहे. ज्या मायामी बीचवर क्ले जगज्जेता झाला त्या बीचवरच्या हॉटेलांत काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती म्हणून तर सगळे ब्राउन्सव्हिलच्या हॅम्प्टन हाउसला. अशा खोलीत वाद व्हायला हवा असेल तर कोणालातरी कमी पडलेला दाखवायलाच लागणार. सगळेच आधीपासून बरोबर असतील तर व्हॅनिला आइसक्रीम खा आणि घरी जा.

आणि तुम्ही अर्धाच सीन सांगितलात. कुक गप्प ऐकून घेत नाही, उलटा फिरतो. त्याने आपल्या लेबलवर घेतलेल्या वॉमॅक भावांचं गाणं रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडने उचललं, भावांना आधी वाईट वाटलं, मग रॉयल्टीचा चेक आला आणि तोंडं बंद झाली. गोरी पोरं गातायत आणि पैसे आमच्या खिशात येतायत, त्यांना वाटतं ते वापरतायत, पण कामाला ते लागलेत आमच्या. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधला हा सगळ्यात तगडा युक्तिवाद आहे आणि तो कुकच्या तोंडी आहे. पिंजऱ्यात उभ्या केलेल्या माणसाला असले डायलॉग देत नाहीत.

सुरमई

क्रिटिक, गंमत म्हणजे तो सीनही तारखेत बसत नाही, स्टोन्सने 'इट्स ऑल ओव्हर नाउ' रेकॉर्ड केलं जून १९६४ मध्ये, शिकागोत. फेब्रुवारीतल्या खोलीत कुकला ते माहीत असायचं कारणच नाही.

पण मला ते चालतं. का चालतं ते सांगते, त्यात त्याचा खरा स्वभाव येतो. स्वतःचं लेबल, स्वतःची पब्लिशिंग कंपनी, आपल्या गाण्यांचे हक्क आपल्याकडे, हे सगळं कुकने खरंच केलेलं होतं आणि त्या काळात भलेभले गोरे गायक हे करत नव्हते. म्हणजे चुकीच्या तारखेने खरा माणूस दाखवला. आणि कार्सन शोच्या बाबतीत उलटं झालंय, तिथे तारीख हलवल्यावर माणूसच बदलला. घंटा म्हणतायत तो फरक हाच आहे. तारीख हलवा हो, कोण अडवतंय, पण हलवून कुणाचं श्रेय कुणाच्या खिशात गेलं ते बघायला नको का?

अजून एक. सुरुवातीला न्यू यॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्ये कुक आपटतो, गोरी पब्लिक उठून जाते, तेही खरं १९५८ चं आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात तो त्याच कोपात परत गेला आणि गाजवलं, लाइव्ह अल्बम आहे त्याचा. आणि त्या अल्बममध्ये तो काय गातो? 'ब्लोइंग इन द विंड'! त्याच सूटबूटवाल्या पब्लिकसमोर. हे पिक्चरमध्ये असतं तर माल्कमची बोलती बंद.

रिंगसाईड

किंवा उलट. कोपात त्याने डिलनचं गायलं, टाळ्या वाजवायला लावत, मस्त उड्या मारत. स्वतःचं 'चेंज' नाही गायला. कार्सनच्या शोनंतर त्याने ते परत स्टेजवर घेतलंच नाही असं सांगतात. आणि डिसेंबरमध्ये सिंगल निघालं तेव्हा एक कडवं कापलेलं होतं, कुठलं, तर पिक्चर बघायला जातो, गावात फिरायला जातो आणि कोणीतरी सांगतं इथे थांबू नकोस, तेच. सगळ्यात थेट असलेलं तेच कडवं रेडिओसाठी नको झालं. तर माल्कमचा प्रश्न अगदीच हवेतला नाही, गाणं लिहिलं हे खरं पण ते घेऊन तो किती पुढे आला हा प्रश्न उरतोच.

बाकी इथे सगळे कुककुक करताय, मला पिक्चर माल्कमवर जास्त कडक वाटला. डिसेंबर १९६३ पासून त्याला नेशन ऑफ इस्लामने, म्हणजे त्याच्याच काळ्या मुसलमानांच्या संघटनेने, गप्प बसवलेलं, केनेडीच्या हत्येवर बोलला म्हणून. बाहेर पाळतीवरची माणसं. तो संघटना सोडायच्या तयारीत आहे आणि त्याला सोबत हवाय क्ले, कारण जगज्जेता आला तर माणसं येतील. म्हणजे दुसऱ्याला 'तू वापरला जातोयस' म्हणणारा माणूस स्वतः पोराला वापरायला बसलाय, आणि क्लेला ते कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. किंग्स्ली बेन-अदीरने माल्कम घाबरलेला, थकलेला केलाय, चष्मा, कॅमेरा, बायकोला फोन. आपल्याला माल्कम म्हटलं की भाषण आणि बोट वर केलेला फोटो एवढंच आठवतं.

पुढचं तर पिक्चरमध्ये नाहीच. मार्चमध्ये नेशनचा प्रमुख एलायजा मुहम्मदने क्लेला 'मुहम्मद अली' नाव दिलं आणि तो त्याच्याकडेच राहिला. मे महिन्यात घानात माल्कम समोर आला तर अलीने पाठ फिरवली. म्हातारपणी आत्मचरित्रात लिहिलंय त्याने, की आयुष्यातल्या ज्या चुकांचा सगळ्यात पस्तावा होतो त्यातली ती एक.

चिंचपोकळी_स्लो

मी ४० मिनिटात झोपलो. एक खोली चार माणसं आणि बडबड. बॉक्सिंगचा पिक्चर समजून लावलेला.

गल्लीतला_क्रिटिक

@स्लो, मग तुम्ही जिम ब्राउनचा सीन तरी बघितलाच असेल, तो सुरुवातीलाच आहे. जॉर्जियात गावच्या बड्या गोऱ्या माणसाच्या घरी जातो, व्हरांड्यात लिंबू सरबत, काय कौतुक काय कौतुक, तू आमच्या गावाचा अभिमान आहेस वगैरे. आत एक जड फर्निचर हलवायचं निघतं, ब्राउन म्हणतो मी मदत करतो, आणि तो हसतमुखाने सांगतो की आम्ही तुमच्या लोकांना घरात घेत नाही. पण कसली शिवी दिल्याच्या सुरात नाही हो, हवापाणी सांगावं तसं. नाटक अख्खं एका खोलीत घडतं, तिथे हे असं डोळ्यांसमोर घडताना दिसत नाही. नाटकाचा सिनेमा करताना पडद्यावर काय दाखवायचं ते इथे शिकावं. नाहीतर बाहेरचे सीन म्हणजे नुसतं दार उघडून गच्चीवर जायचं आणि परत यायचं, ते पण आहेच यात, गच्चीवरचा सीन मला तसा उगाच वाटला.

ओवी_ताई

सगळ्यांचं वाचतेय. तुमच्या एका गोष्टीकडे लक्ष नाही, या पिक्चरमध्ये बायका कुठे आहेत? माल्कमची बायको बेटी शबाझ घरी थोडा वेळ आणि मग फोनवर. बार्बरा कुक हॉटेलच्या खोलीत दोन मिनिटं. दिग्दर्शक बाई, व्हेनिस फेस्टिव्हलने निवडलेला आफ्रिकन अमेरिकन बाईचा पहिला पिक्चर म्हणून त्याचं कौतुक झालं ते योग्यच, पण पडद्यावर चार पुरुष एकमेकांना शिकवतायत. मूळ नाटकात तर तेवढ्याही नव्हत्या. त्या लढ्यात फॅनी लू हेमर होती, एला बेकर होती, गायकांतच बघायचं तर नीना सिमोनने त्याच वर्षी मार्चमध्ये कार्नेगी हॉलला 'मिसिसिपी गॉडॅम' म्हटलं, तिला कोणी कान पिळायची गरज पडली नाही.

रिंगसाईड

ताई, मुद्दा कळला पण त्या रात्री खोलीत चारच पुरुष होते त्याला पॉवर्स काय करणार? नीना सिमोनवर वेगळा पिक्चर हवा, यात कोंबून काय होणार.

ओवी_ताई

कार्सनचा शो अठरा दिवसांनी पुढे ढकलता येतो पण बेटीला एक नीट सीन देता येत नाही, असं म्हणताय का :)

विदर्भी_ऊन

थोडं अवांतर. वर कोणीतरी म्हटलं की प्रश्न नाव कशासाठी वापरायचं हा आहे. हा प्रश्न आपल्याकडे अमेरिकेतूनच थेट येऊन पोचला होता एकदा, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन, आणि काढणारे कोण, तर ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, म्हणजे लिहिणारीच माणसं. त्यांनी कविता आणि मोर्चा असे दोन कप्पे केलेच नाहीत. म्हणून मला कुकपेक्षा माल्कमचं पटतं, आवाज असलेल्या माणसाने आधी आवाज द्यायचा, हिशोब नंतर. ब्राउनचं पण बघा, तो म्हणतो पैसा हातात असल्याशिवाय स्वातंत्र्य नाही, बोलायला छान आहे पण व्हरांड्यातून आत जायला त्याचा पैसा कामाला आला का?

सुरमई

विऊ, पण जिम ब्राउनने तोच प्रश्न माल्कमकडे वळवलाय की. उजळ रंगाचे तुम्ही लोक एवढे आक्रमक होता ते गोऱ्यांना दाखवायला की आम्हाला, असं काहीसं विचारतो तो. तो सीन काळ्या प्रेक्षकांसाठी लिहिलेला आहे, आपण बाहेरून ऐकतोय, आणि रंग-जात माहीत असलेल्या आपल्याला तो बरोब्बर लागतो. आणि पँथरची पोरं कुणाच्या रेकॉर्ड कंपनीला बांधलेली नव्हती हो. कुकच्या मागे बँड होता, लेबलवरचे गायक होते, सगळ्यांची पोटं.

तिसरी_घंटा

रिंगसाईड, कडवं कापल्याचा मुद्दा जबरी आहे. पण बघा, तो मुद्दा पिक्चरमध्ये नाहीच ना! पिक्चरचा माल्कम असं म्हणत नाही की तू गाणं लिहिलंस आणि मग आवरतं घेतलंस. तो म्हणतो तू लिहिलंच नाहीस.

क्रिटिकने विचारलं की मग वाद कसा झाला असता, तर असा. माल्कम डिलनची रेकॉर्ड लावतो, सगळं ऐकवतो, आणि कुक शांतपणे म्हणतो, मी दोन आठवड्यांपूर्वी टीव्हीवर आपलं गाणं गायलो, तू बघितलं नाहीस. खल्लास. आता माल्कमला दुसरा प्रश्न शोधावा लागेल आणि तो पहिल्यापेक्षा अवघड असेल, की गायलास ना, मग परत का नाही गात? इथे कुककडे उत्तर नाही. कुकचं काम करायला लेस्ली ओडम ज्युनियरसारखा नट हाताशी असताना, ऑस्करचं नॉमिनेशन मिळवलं त्याने यासाठी, हा सीन लिहायचा नाही म्हणजे काय.

तसंही ७ फेब्रुवारीला सगळं अमेरिकेचं लक्ष दुसरीकडे होतं, त्याच दिवशी बीटल्स न्यू यॉर्कला उतरले. आणि एनबीसी चॅनेलने कार्सनच्या त्या एपिसोडची टेप ठेवली नाही. म्हणजे ते गाणं तो कसा गायला हे आज कोणालाच बघता येत नाही, लोक बघणार ते या पिक्चरमधलंच. म्हणून चिडतोय, दुसरं काही नाही.

गल्लीतला_क्रिटिक

टेपचं माहीत नव्हतं.

तरी तुमचा सीन मला चालणार नाही, कारण त्यात कुक जिंकून बसतो आणि पुढे अर्धा तास त्याला काही काम उरत नाही. पॉवर्सला चौघांनाही सकाळी खोलीबाहेर थोडं बदलून काढायचंय, माल्कमला सुद्धा. कुक ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या मोटेलात गोळी लागून गेला, माल्कम पुढच्या फेब्रुवारीत. बघणाऱ्याला हे माहीत असतं, मग त्यांच्यातला एक जण आधीच पोचलेला दाखवून मिळवायचं काय?

सुरमई

आधीच पोचलेला होता म्हणून.

रिंगसाईड

मी जातो ब्वा, लिस्टनच्या खांद्याच्या दुखापतीवर कोणाला भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे मी रात्रभर आहे.