शेजारच्या लेआउटचं पावसाचं पाणी आमच्या सोसायटीत घुसतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमची छोटी सोसायटी हद्दवाढ भागात विजापूर रोडच्या बाजूला आहे, प्लॉट एनए (बिगरशेती). वरच्या अंगाला नवीन लेआउट पडलाय, त्यांनी मुरूम टाकून जागा तीनेक फूट उचलली आणि कंपाउंड बांधताना मधली जुनी चारी बुजवली. आता जरा जोराचा पाऊस आला की सगळं पाणी आमच्या पार्किंगमध्ये, आणि काळी माती असल्यामुळे ते जिरतही नाही, दोन-दोन दिवस स्कूटर चिखलात.

बिल्डरशी बोलून झालं, तो म्हणतो उतार तुमच्याकडंच आहे. आता 1882 च्या सुखाधिकार कायद्यात वरचं पाणी खाली येऊ द्यायचं असं आहे खरं, पण ते नैसर्गिक वाहणाऱ्या पाण्याला, भराव घालून वळवलेल्याला कसं काय लागू? लेखी अर्ज दिलाय, पोच आहे, फोटो-व्हिडिओ तारखेसकट आहेत. मामलेदार कोर्टाचं (तहसीलदारापुढं चालतं ते) कोणीतरी सुचवलं पण ते शेतजमिनीसाठी, आमचं तिथं जमणार नाही. ड्रेनेजमध्ये सोडा असं सांगू नका, मैल्याची लाइन आहे ती, चेंबर उलटतं.

वर्गणी फार निघणार नाही त्यामुळं वकील शेवटी.

मला एवढंच पाहिजे: माहिती अधिकारात मंजूर लेआउटचा नकाशा मागताना पावसाळी गटार, जुनी चारी आणि रेन वॉटर हार्वेस्टिंगसाठी नेमकी कोणती कागदपत्रं नावानिशी मागायची? आणि लेआउटची अंतिम मंजुरी अजून बाकी असेल तर हरकत कुणाकडं द्यायची, नगररचना की बांधकाम परवाना विभाग?