जमाबंदीत ऑडिटचे आक्षेप मराठीत वाचून दाखवावेत का?

मलप्रभाकाठ: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी गावाची पंचायत. जमाबंदी म्हणजे पंचायतीचे वर्षाचे हिशेब आणि कामं गावापुढं तपासायची सभा. गेल्या जमाबंदीला आम्ही मोजून चौदा माणसं. लेक्क परिशोधनेची वरदी, म्हणजे ऑडिटचा अहवाल, टेबलावर होती, सगळी कन्नडात. गटारीच्या कामाचं मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची वही, मागितलं, तर 'ते इंजिनिअरांकडं आहे.' संपली जमाबंदी, चहा आला. दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबरमध्ये ही सभा घ्यायचीच असते, मग आदल्या ऑडिटचा एकेक आक्षेप रकमेसकट मराठीत वाचा की. १५ टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे कागदावर कधीचंच ठरलंय.

जुना हिशेबनीस: याच कामात जन्म गेला माझा. मराठीत कागद मिळावा, हक्कच आहे तो. पण रोग तिथं नाही. जिल्ह्यातल्याच रायबाग, गोकाककडं बहुतेकांना कन्नड वाचता येतं, तिथं तरी काय वसूल झालं? राज्य लेखापरीक्षण खात्याचा माणूस लिहितो, 'व्हाउचर हजर केले नाही.' पंचायत उत्तर देते, 'पुढील ऑडिटवेळी हजर करू.' तोवर पीडीओची, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याची, बदली. नवा म्हणतो, माझ्या काळातलं नाही. आक्षेप पंचायतीच्या नावावर राहतो, माणूस मोकळा! आक्षेप निकाली निघाल्याशिवाय बदलीवर सोडू नका, एवढं करा. भाषेचं मग बघू.

मलप्रभाकाठ: 'मग बघू' ऐकतच म्हातारे झालो आम्ही. वाचलंच नाही तर बदली अडवा म्हणून ओरडणार कोण?

वॉर्ड नंबर ३: मी सदस्य आहे, थोडं माझंही ऐका. उन्हाळ्यात बोअरची मोटर जळली. गावात पाणी नाही, बायका घागरी घेऊन माझ्या दारात. रात्रीत वाइंडिंग करून आणली, सात हजार गेले. तीन कोटेशनं घ्यायची राहिली. आला आक्षेप! न झालेल्या गटारीचं बिल काढणारा आणि मी, एकाच यादीत. हे सभेत नुसतं वाचलं तर उद्या कट्ट्यावर काय बोलतील सांगू? 'बाईनं मोटर खाल्ली.'

जुना हिशेबनीस: हे मात्र खरं. कागदाची चूक वेगळी, पैशाचा घोटाळा वेगळा. आम्हीच दोन्ही एका सुरात लिहीत आलो.

मलप्रभाकाठ: वहिनी, मग दोन याद्या करून वाचू. पण वाचू.

वॉर्ड नंबर ३: वाचा. वाइंडिंगवाल्याची पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे, घेऊन येते. तुम्ही आधी चौदाची चाळीस माणसं करा.