मदत हवी आहे: तात्यांचा ताप सहा दिवस हटत नाही, कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं?

लेक_पलूसची:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, माहेर पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. वडील म्हणजे आमचे तात्या, वय ५९, रविवारपासून अंथरुणाला खिळलेत. थंडी वाजून ताप आला तो १०३ पर्यंत गेला. डोकं ठणकतंय, सगळं अंग मोडून आलंय. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड सांगितला. चार दिवस रोज एक सलाईन आणि कमरेत दुखण्याचं इंजेक्शन चाललंय. इंजेक्शननंतर घाम सुटून ताप उतरतो, दिवेलागणीला पुन्हा चढतो.

मला जास्त काळजी वाटतेय ती दुसऱ्याच गोष्टींची. भाऊ फोनवर सांगतो, डोळे लालभडक झालेत, पण चिपडं धरत नाहीत. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, मोरीपर्यंत जायला दोघांचा आधार लागतो. आणि कालपासून लघवी अगदी थोडी होतेय, तीही गडद पिवळी.

घरात प्रत्येकाचं मत निराळं. काका म्हणतात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. मामा म्हणतात पोटऱ्यांचं दुखणं आहे, हाडांच्या डॉक्टरकडं न्या. शेजारच्यांना मुतखड्याची शंका आहे. आई म्हणते, आणखी दोन सलाईन लावून बघू. तात्यांना आजवर गोळी माहीत नाही, बीपी-शुगर कधी तपासलेलीच नाही.

रिपोर्ट असे: पांढऱ्या पेशी १४,०००, प्लेटलेट ९०,०००. तिसऱ्या दिवशी डेंगीची एनएस१ केली, ती निगेटिव्ह. सोमवारी मिरजेला ओपीडीत न्यायचं ठरतंय. केस पेपर कुठल्या विभागाचा काढायचा? बरोबर काय काय न्यायचं? कुणाला माहिती असेल तर कृपा करून सांगा, मला इथं काही सुचेना झालंय.

तासगावकर:
ताई, मेडिसिनचा केस पेपर काढा. ताप, दम, बीपी, शुगर, कावीळ, अशक्तपणा सगळं तिथंच बघतात. तिथून गरज पडली तर तेच पुढं पाठवतात. माझ्या आईचं वर्षभर चक्कर-चक्कर म्हणून कान, मान, डोळे सगळं झालं, शेवटी मेडिसिनच्या डॉक्टरांनी पापण्या आणि नखं बघून रक्ताची तपासणी केली. हिमोग्लोबिन ६ निघालं.

मिरजेत_शिकलेला:
मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, सध्या साताऱ्यात असतो. इथं बसून निदान करणार नाही, पण दोन प्रश्नांची उत्तरं लगेच द्या. ताप यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत तात्या पाण्यात, चिखलात अनवाणी राबले होते का? आणि आज सकाळपासून एकूण लघवी किती झाली?

लेक_पलूसची:
भावाला विचारलं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पावसाचं पाणी तुंबलेलं, चर काढायला तीन दिवस पायात काही न घालता उतरले होते. टाचांना भेगा कायमच्या आहेत. उसात उंदीर-घुशींचा सुळसुळाट आहे. लघवी सकाळी एकदा, कपभरसुद्धा नाही.

मिरजेत_शिकलेला:
मग सोमवारची वाट बघू नका. आज रात्रीच निघा. ओपीडीला न जाता थेट अपघात विभागात न्या, ते मेडिसिनच्या डॉक्टरला बोलावतात. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, त्याचे पैसे पडत नाहीत.

कारण सांगतो. लाल डोळे, पोटऱ्या आणि लघवी ही तीन वेगळी दुखणी धरून तीन डॉक्टर गाठले तर आठवडा जाईल. तापाबरोबर हे सगळं एकत्र दिसलं आणि माणूस साचलेल्या पाण्यात राबलेला असला, की आम्हाला आधी लेप्टोस्पायरोसिस आठवतो. उंदीर, जनावरं, कुत्री यांच्या मुतातून हे जंतू पाण्यात-चिखलात येतात आणि भेगा, जखमांतून शरीरात शिरतात. ताप बहुतेक ५ ते १४ दिवसांनी येतो. पुष्कळांना साधा ताप येऊन जातो, पण काहींची किडनी आणि लिव्हर त्यात सापडते. लघवी कमी होणं ही त्याचीच खूण असू शकते. डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफसही बघावे लागतील, तेही मेडिसिनवालेच बघतात. एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांतच जास्त भरवशाची असते, आता डेंगीची आयजीएम, म्हणजे प्रतिद्रव्यांची तपासणी करतील.

एक कळकळीची विनंती. दुखण्याचं इंजेक्शन आता बंद करा. डायक्लोफेनॅकसारख्या औषधांनी आजारी किडनीवर आणखी ताण येतो, आणि डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला सध्या पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. न्याल तेव्हा आजवरचे सगळे रिपोर्ट, दिलेल्या औषधांच्या पट्ट्या, इंजेक्शनच्या बाटल्यांचे फोटो न्या. आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: उसात, पाण्यात, अनवाणी. आपली माणसं हे सांगतच नाहीत, कारण ते रोजचंच असतं.

प्रयोगशाळेतली:
मी लॅबमध्ये काम करते. विडालबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही तपासणी टायफॉइडचा जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं मोजते. आपल्या भागात पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेलेले खूप जण आहेत, त्यांची प्रतिद्रव्यं रक्तात राहिलेली असतात. दुसऱ्या कुठल्या तापातही ती वाढलेली दिसू शकतात. एका विडालवर टायफॉइड ठरत नाही. खरी तपासणी ब्लड कल्चर, आणि तीही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी.

वाईची_सून:
रेशनकार्ड आणि आधार कार्ड आठवणीनं न्या. ॲडमिट केलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते तिथल्या आरोग्यमित्राला लगेच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही. तात्या बरे होतील गं.

लेक_पलूसची:
आज चौथा दिवस. तुम्हा सगळ्यांना कळवायचं राहून गेलं, माफ करा. त्याच रात्री साडेअकराला तात्यांना मिरजेत ॲडमिट केलं. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन ३.८ होतं, डोळ्यांत थोडी काविळीची झाकही होती. लेप्टोची आयजीएम पॉझिटिव्ह आली, डेंगी-मलेरिया निगेटिव्ह. शिरेतून अँटिबायोटिक सुरू आहे. पहिले दोन दिवस कॅथेटर लावून तासातासाला लघवी मोजत होते. डायलिसिस लागेल असं म्हणाले होते, पण तिसऱ्या दिवशी लघवी सुटली आणि टळलं. आज क्रिएटिनिन १.९ आहे. सकाळी त्यांनी आपण होऊन चहा मागितला, मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

आणखी एक निघालं. शुगर २६०. मला वाटलं सलाईनमुळं असेल. डॉक्टर म्हणाले, आजारपणात शुगर वाढते हे खरं, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करू. ती ८.४ आली. ६.५ किंवा जास्त आली की मधुमेह धरतात, म्हणजे हा ताप यायच्या आधीपासून शुगर होतीच. वर्षभर रात्री तीन-तीनदा उठायचे, आम्ही वयाचं समजत होतो. टाचेच्या भेगा भरत नव्हत्या त्यालाही हे एक कारण असू शकतं म्हणाले. सध्या इन्सुलिन देतायत, किडनी पूर्ववत झाली की गोळ्या ठरवणार.

आता एक शेवटचं विचारते. भाऊ त्याच रानात त्यांच्याबरोबर होता. त्याला ताप नाही. तात्यांजवळ रात्री तोच झोपतो. त्याला काही औषध द्यायचं का?

मिरजेत_शिकलेला:
फार बरं वाटलं वाचून. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा होत नाही, भावानं खुशाल जवळ झोपावं. फक्त तात्यांची लघवी उचलताना हातमोजे घालावेत आणि साबणानं हात धुवावेत. औषध आपल्या मनानं सुरू करू नका. तो तिथंच आहे तर वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तो पाण्यात उतरला त्याला महिना होईपर्यंत कणकण जरी वाटली तरी त्याच दिवशी दाखवायचं, आणि रानाचं सांगायचं. लवकर दाखवलं तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांवर भागतं. पुन्हा पाण्यात उतरायचं तर दोघांनी गमबूट घालून, आणि पायाला जखम असेल तर उतरायचंच नाही.

लेक_पलूसची:
वॉर्डातल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. भाऊ दुपारी मार्केटात जाऊन दोन जोड गमबूट घेऊन आला. तात्यांना आठ नंबर लागतो, यानं नऊचा आणलाय. उद्या बदलून आणणार आहे.