कुस्कोचा इंती राय्मी: तिकीट काढावं की टेकडीवर बसावं?

कोथरूड_ते_बोस्टन: जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पेरूला जातोय. दोघंही सत्तरीचे आणि कट्टर शाकाहारी. २४ जूनला कुस्कोत इंती राय्मी, म्हणजे इंकांचा सूर्योत्सव असतो म्हणे. शहरावरच्या साक्सायवामान या इंका किल्ल्यातल्या स्टँडची तिकिटं भलतीच महाग आहेत. त्यात एक मित्र म्हणाला, पर्यटकांसाठी केलेलं नाटक आहे सगळं. काय करावं? आणि तिकडे दक्षिण गोलार्धात सर्वांत लहान दिवस २०-२१ जूनचा, मग सण २४ ला कसा?

लिमाची_सून: नाटक आहेच की! संहिता लिहिलेली, महिनोन्‌महिने तालमी, संवाद सगळे इंकांच्या केचुआ भाषेत. स्पॅनिशांनी हा सण सोळाव्या शतकात बंद पाडला. १९४४ मध्ये फाउस्तिनो एस्पिनोसा नवारो आणि कुस्कोतल्या मंडळींनी तो पुन्हा उभा केला, तोही इतिहासकार गार्सिलासोच्या १६०९ च्या वर्णनावरून. गार्सिलासोची आई इंका राजघराण्यातली. त्या नाटकातला पहिला 'इंका' (राजा) एस्पिनोसा स्वतःच झाला. पण 'पर्यटकांसाठी' हे काही मला पटत नाही. १९४४ साली कुस्कोत पर्यटक होते तरी किती?

आता तिकिटाचं. सकाळी नऊच्या सुमारास कोरिकांचा या इंकांच्या सूर्यमंदिराच्या हिरवळीवर सूर्याला पहिलं आवाहन होतं. मग सगळा लवाजमा प्लासा दे आर्मास या मुख्य चौकात येतो. हे दोन्ही फुकट. फक्त गर्दी मरणाची, त्यामुळे लवकर जाऊन जागा धरा. दुपारचा मोठा सोहळा साक्सायवामानला: पालखीतून सापा इंका, म्हणजे सम्राट येतो, साम्राज्याच्या चार दिशांची पथकं उतरतात, सूर्याला चिचा (मक्याची दारू) अर्पण होते. तिकीट फक्त समोरच्या खुर्च्यांचं.

कुस्कोकर मात्र सहकुटुंब तिथल्याच टेकडीवर जातात, आणि माझा जीव तिथेच रमतो. मातीच्या सुक्या ढेकळांचा गुडघ्याएवढा घुमट रचतात, आत लाकडं पेटवतात. ढेकळं तापून काळी-लाल झाली की निखारे बाजूला सारून बटाटे आत टाकायचे आणि वरून घुमट धाडकन पाडायचा! थोड्या वेळाने उकरून काढायचे. याला वातिया म्हणतात. सोबत ताजं चीज आणि हिरवी झणझणीत चटणी. आई-बाबांच्या जेवणाची चिंता मिटली. चटणीत काय घातलंय तेवढं विचारून घ्या.

तरीही, सत्तरीच्या माणसांना दिवसभर उतारावर बसवू नका. त्या दोघांची तिकिटं काढा, तुम्ही टेकडीवर या.

पंचांगवाला: २४ जून हा ख्रिश्चनांचा संत जॉनचा दिवस. तिकडे 'सान हुआन'. अँडीजमधले बरेच जुने सूर्यविधी त्याच्या आडोशाने टिकले, आणि १९४४ मध्येही हीच तारीख धरली. आपली संक्रांत तरी कुठे खऱ्या उत्तरायणाच्या दिवशी येते? बोलिव्हियात मात्र तिवानाकूच्या प्राचीन अवशेषांपाशी तिथले मूळ रहिवासी आयमारा लोक २१ जूनलाच पहाटे सूर्याला हात पसरून उभे राहतात.

डोंगरभटक्या: नाटक नको असेल तर इक्वेडोरचं ओतावालो. तिथेही इंती राय्मी असतो, पण प्रेक्षक असा कुणी नसतोच. रात्रीच्या अंधारात पेगुचेच्या धबधब्याखाली आंघोळ, मग घरोघर नाचत फिरणं, पुढे आया उमा या नाचाच्या म्होरक्याचा दोन तोंडांचा मुखवटा. जवळच्या कोताकाची गावात तर चौक काबीज करण्यावरून गटागटांत खरोखर जुंपते. आई-बाबांना तिकडे नेऊ नका बरं.

कोथरूड_ते_बोस्टन: सगळ्यांचे आभार. एकच शंका: लामाचा बळी देतात का? आईला ते बघवणार नाही.

लिमाची_सून: हल्ली फक्त अभिनय. लामा आणतात, पुजारी आतडी बघून भविष्य सांगितल्यासारखं करतो, पण मारत नाहीत. त्यापेक्षा उंचीकडे बघा. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर आधी सरळ खाली, कमी उंचीवरच्या ओयांतायतांबो गावाला जाऊन दोन-तीन रात्री काढा, तिथूनच माचूपिचू करा आणि मग वर कुस्कोला या. पहाटे पारा शून्याजवळ आणि दुपारी ऊन भाजून काढतं, तेव्हा स्वेटर आणि टोपी दोन्ही पिशवीत हवं. हॉटेल आजच बुक करा, जूनमध्ये तिथे खोली मिळणं मुश्कील.