मदत हवी आहे : इंजिनीअरने ‘गव्हर्नमेंट रिलेशन्स’मध्ये जावं का?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सौरऊर्जा कंपनीत आहे. इलेक्ट्रिकल इंजिनीअर, नऊ वर्षांचा अनुभव. गेली तीन वर्षं वीज नियामक आयोगापुढच्या याचिका, जनसुनावणीतल्या हरकती, ओपन ॲक्सेसची (म्हणजे ग्राहकाने स्थानिक वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून थेट वीज घेण्याची) कागदपत्रं हेच करतोय. २०२२ च्या नियमांनी हरित विजेच्या ओपन ॲक्सेसची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, तेव्हापासून तर श्वास घ्यायला फुरसत नाही.

आता एका डेटा सेंटर कंपनीकडून दिल्लीतल्या ‘गव्हर्नमेंट रिलेशन्स’च्या नोकरीची ऑफर आलीय. काम म्हणजे ऊर्जा आणि आयटी मंत्रालयांकडे पाठपुरावा, धोरणांच्या मसुद्यांवर अभिप्राय देणं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे दलालीच ना रे?” खरं सांगायचं तर मलाही नीट उत्तर देता आलं नाही.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिस्टला (म्हणजे कुणाच्या वतीने सरकारी धोरणांवर प्रभाव टाकण्याचं काम करणाऱ्याला) नोंदणी करावी लागते, दर तिमाहीला अहवालही द्यावा लागतो. आपल्याकडे लॉबिंगसाठी असा वेगळा कायदाच नाही. लाच देणं २०१८ च्या दुरुस्तीपासून थेट गुन्हा आहे, ते ठीक. पण अधिकाऱ्याला सादरीकरण दाखवणं आणि ‘ओळखीने काम करून घेणं’ यातली रेघ रोजच्या कामात कुठे ओढायची?

या क्षेत्रात कुणी आहे का? कायद्याची पदवी नसेल तर अडतं का? हिंदी बेताची असेल तर? आणि पाच वर्षांनी परत तांत्रिक कामाकडे वळता येतं का, हे विशेष करून सांगा. ऑफरला याच आठवड्यात उत्तर द्यायचंय.