मदत हवी आहे: टिकल्या द्याव्यात की खोट्या नोटा?

मंडळी, कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या गणेशोत्सव बैठकीसाठी सल्ला हवाय. माणसं २४, सूचना १८. नुसतं 'काय काय करायचं?' विचारलं की सगळंच महत्त्वाचं ठरतं, म्हणून मतदान घेऊन मुद्दाम बंधन घालायचंय.

परवाना, वायरिंग, विमा मतदानाला टाकायचंच नाही. ते पैसे आधीच बाजूला. उरतात २,४०,००० रुपये. सारख्या सूचना जोडून घ्यायच्या, नाहीतर 'रक्तदान' आणि 'आरोग्य शिबिर' एकमेकांची मतं खातात आणि दोन्ही पडतात. मग एका कार्डावर एक सूचना, खाली खर्चाचा आकडा. प्रत्येकाला मत म्हणून चारच टिकल्या (कपाळाला लावायच्याच, पाकीट स्वस्तात मिळतं), एका कार्डावर जास्तीत जास्त दोन. त्याआधी तीन मिनिटं गप्प बसून आपापली पसंती चिठ्ठीवर लिहायची. वस्तादांची टिकली पहिली लागली की पोरं तिथंच रांग लावतात!

अडतंय ते पुढं. ८०,००० ची रोषणाई असो की ५,००० चे निर्माल्य कलश, टिकली एकच. त्याऐवजी प्रत्येकाला १०,००० च्या खोट्या नोटा दिल्या तर? रोषणाईला आठ जणांचे सगळे पैसे लागतील. पण बरीच कार्डं अर्धवट भरून लटकतील. तेव्हा सगळ्यात रिकामं कार्ड काढून त्याचे पैसे परत वाटायचे, की सरळ दुसरी फेरी घ्यायची? आणि आधीच गट बांधून येणाऱ्यांना आवरायचं कसं? कुणी प्रत्यक्ष करून बघितलं असेल तर सांगा की.