सरकत्या आतील थराचे हेल्मेट: जादा पैसे मोजावेत का?

घाटवाट:
पुण्यात रोज दुचाकीने कार्यालयात जातो आणि सुट्टीत अधूनमधून ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून कोकणात उतरतो. मागे बहुधा पत्नी असते. दुकानात पूर्ण चेहरा झाकणाऱ्या एकाच हेल्मेटच्या दोन आवृत्त्या दाखवल्या. महाग आवृत्तीच्या आत प्लास्टिकचा पातळ पिवळा थर असून तो बोटाने ढकलला की किंचित सरकतो. ‘मिप्स’ नावाच्या या रचनेमुळे मेंदूला पीळ कमी बसतो, असे विक्रेता सांगतो. किमतीतला फरक माझ्या दृष्टीने किरकोळ नाही. हा थर खरोखर उपयोगी आहे की केवळ विक्रीची युक्ती, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

यंत्रवेध:
युक्ती नक्कीच नाही. स्वीडनमधील मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठातील पीटर हॅल्डिन यांनी १९९०च्या दशकात या कल्पनेवर काम सुरू केले. २००७ मध्ये ती प्रथम बाजारात आली, तीही घोडेस्वारांच्या हेल्मेटमधून. तिच्यामागचा हिशेब सोपा आहे. दीड मीटर उंचीवरून पडणारे डोके रस्त्यावर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आदळते, पण गाडीचा ताशी ५०-६० किलोमीटरचा वेग रस्त्याला समांतर असा शिल्लक असतोच. म्हणजे आघात तिरका होतो, हेल्मेट रस्त्याला घासून अडते आणि डोके झटक्यात फिरते. थर्माकोलचे अस्तर चेपून सरळ आघात चांगला शोषते, पण या फिरण्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. आणि चेतातंतू ताणून तुटणे किंवा मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरा फाटून रक्तस्राव होणे, या दुखापतींचा संबंध मोठ्या प्रमाणावर अशा फिरण्याशीच आहे. आतला थर आघाताच्या क्षणी १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि पिळाचा काही भाग डोक्यापर्यंत पोहोचू देत नाही. ईसीई २२.०६ या युरोपीय मानकात ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर सेकंदाला ८ मीटर वेगाने हेल्मेट आदळून डोक्याचे फिरणे मोजतात, ते याच कारणाने.

साशंक:
भौतिकशास्त्र मान्य आहे, निष्कर्षाची मात्र घाई नको. ते मानक पिळाची मर्यादा ठरवते. ती कोणत्या रचनेने पाळावी हे सांगत नाही, त्यामुळे असा थर नसलेली हेल्मेटेही ही चाचणी उत्तीर्ण होतात. शिवाय माणसाला केस असतात, घाम येतो आणि टाळूची त्वचा कवटीवर थोडी सरकते, म्हणजे काही घसरण मुळातच असते. प्रयोगशाळेतील कृत्रिम डोके हेल्मेटला याहून घट्ट धरून ठेवत असेल, तर तिथे दिसलेला फायदा रस्त्यावर पूर्ण मिळेलच असे नाही. आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही: थराची छिद्रे हवेच्या वाटांशी नीट जुळली नाहीत, तर मे महिन्यात सिग्नलला डोके शिजते, मग हेल्मेट आरशावर लटकू लागते.

यंत्रवेध:
केसांमुळे काही घसरण मिळते हे खरे, पण नीट बसणारे हेल्मेट गालांना आणि कपाळाला घट्ट धरते, तिथे केस नसतात. फायदा किती, हे हेल्मेटगणिक बदलते एवढे मी मान्य करतो.

जुना स्वार:
थराचा विचार तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिले माप: पट्टा बांधून हेल्मेट हाताने फिरवले असता कपाळाची कातडी त्याच्याबरोबर फिरली पाहिजे आणि मागून वर ढकलले तरी ते निघता कामा नये. दुसरे आयएसआय चिन्ह. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास मनाई आहे, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ नुसार ते भारतीय मानकाचे असावे लागते. परदेशातील भाच्याकडून मागवलेले ईसीईचे हेल्मेट कितीही उत्तम असले, तरी कायद्याच्या दृष्टीने प्रश्न उरतोच.

आपल्या बाबतीत मला वेगळेच विचारायचे आहे. मागे बसणाऱ्या वहिनींच्या डोक्यावर काय असते? बहुतेक घरांत ती अर्धी टोपीच असते, जी हनुवटी तर सोडाच, कानही झाकत नाही. तसे असेल तर थर नसलेली, पूर्ण चेहरा झाकणारी दोन हेल्मेटे घ्यावीत. पैसे उरले तरच पिवळ्या थराकडे वळावे.

घाटवाट:
अंदाज बरोबर आहे, अर्धी टोपीच आहे. रविवारी तिला सोबत घेऊन दुकानात जातो आणि दोघांची मापे तपासून पाहतो.